साठला बांधलेली गाडी

समृद्धीवर

माझ्या मुलीच्या गाडीत वेग जाणवतच नाही. सिन्नरजवळ आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो. काचा बंद होत्या, आत गारवा होता आणि दोन सीटांच्या मधल्या खाचेत ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलतसुद्धा नव्हतं. शेजारच्या पट्ट्यातला एक ट्रक उभा आहे असं मला वाटलं. नीट पाहिलं तर त्याची चाकं फिरत होती.

"किती?" मी विचारलं.

"एकशे वीस. कायद्याइतकंच," शुभदा म्हणाली. "तुम्ही शेजारी असताना त्याच्यावर नाही."

शुभदा माझी एकुलती एक मुलगी. नाशिकला तिचा सुटे भाग बनवायचा कारखाना आहे, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिनं स्वतःसाठी ही काळी परदेशी गाडी घेतली. वेगाचं वेड तिला माझ्याकडून आलं असं घरात सगळे म्हणतात. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. डिझेल पंपांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्याही गाडीत बसलो की मी एकच प्रश्न विचारतो.

"ही जास्तीत जास्त किती जाते?"

"अडीचशे. म्हणजे इंजिनात ताकद त्याहून जास्त आहे, पण कंपनीनंच अडीचशेला बांधून पाठवलीय. त्यापुढे कितीही दाबा, गाडी ऐकत नाही."

"बांधलीय कुणी?"

"कुणी म्हणजे? कॉम्प्युटरनं."

"त्याला सील असतं का?"

ती हसली. "बाबा, आता सील-बिल काही नसतं."

 दोन्ही बाजूंना उघडा माळ आणि मध्येच डोंगर कापून काढलेली वाट, ना गाव, ना झाड, ना चहाची टपरी. पूर्वी नाशिकहून नागपूरला जायचं तर वाटेतल्या प्रत्येक गावाची चव जिभेवर यायची. आता कुठलं गाव कधी गेलं ते पाटीवरून कळतं. दुपारी निघालो होतो आणि अंधार पडता पडता नागपूरच्या अलीकडे होतो. या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि असे रस्ते बांधतात ते त्यासाठीच.

आम्ही का निघालो ते आता सांगतो.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. शुभदा लहान असल्यापासून मी ती सांगत आलो. तरुणपणी मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी एका लाकूड ठेकेदाराच्या यार्डात पंपमिस्त्री होतो. ठेकेदाराचे सगळे ट्रक ताशी साठ किलोमीटरला बांधलेले असत. एकदा मी एका नव्या ट्रकचं बंधन सोडलं, गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर नेला आणि हातातल्या घड्याळावर दगड मोजले. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत बेचाळीस सेकंद. म्हणजे ताशी पंच्याऐंशी. त्या काळी, त्या रस्त्यावर, त्या ट्रकनं! शुभदानं पाचवीत असताना 'माझे बाबा' या निबंधात हे लिहिलं होतं आणि तिला दहापैकी नऊ मिळाले होते.

नवी गाडी घेतल्यावर ती म्हणाली, "बाबा, चला, तुमच्या त्या रस्त्यावर जाऊ. मी गाडी चालवते, तुम्ही घड्याळ धरा."

मी हो म्हणालो. त्या गोष्टीचा अर्धा भाग मी कधीच कुणाला सांगितला नव्हता. तो सांगायला मला तोच रस्ता हवा होता.

चंद्रपूर आणि मूल

दुसऱ्या दिवशी सकाळी वरोरा, भद्रावती करत चंद्रपूरला पोहोचलो. मार्चचा शेवट होता आणि नऊलाच ऊन टोचत होतं. जटपुरा गेटाशी गाडी वळवताना शुभदा पुटपुटली, "एवढ्याशा कमानीतून?" मी म्हटलं, "इथून आम्ही सागवानाचे ट्रक काढलेत." ते खरं नव्हतं. ट्रक बाहेरूनच जात. म्हातारा माणूस आठवणीत थोडी भर घालतो, आणि याच सवयीबद्दल मला पुढे लिहायचं आहे.

तर्री-पोहे खाल्ले. नाशिकच्या मिसळीची तर्री जिभेवर येते, इथली कानात जाते. पोह्यांवर हरभऱ्याचा रस्सा ओततात आणि वर कांदा. पोह्यांच्या गाडीवाल्यानं आमच्या गाडीला फेरी मारून पाहिलं.

"किती मायलेज देते जी?"

शुभदानं सांगितलं.

"अरे बाप्पा! मंग हे पोसाची कशाले?" म्हणून त्यानं माझ्या बशीत आणखी एक पळी रस्सा ओतला. बहुधा आमची दया आली असावी.

चंद्रपूरहून मूलचा रस्ता जंगलातून जातो. पळसाचा बहर ओसरत आला होता आणि मोहाची झाडं सुरू झाली होती. काच खाली केल्याबरोबर तो गोड, किंचित आंबूस वास आत आला आणि मी एकदम सव्वीस वर्षांचा झालो. मोहाखालची जमीन झाडून साफ केलेली होती आणि बायका वाकून फुलं वेचत होत्या. आमच्या यार्डातले ड्रायव्हर या दिवसांत गाडी थांबवून मूठभर फुलं तोंडात टाकत. मी शुभदाला तेच करायला लावलं. तिनं दोन चावली, एक थुंकली आणि म्हणाली, "मनुका आणि मेणबत्ती."

मूलला यार्डाच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. फाटकाजवळचं कडुनिंबाचं झाड तेवढं उरलंय. त्या झाडाखाली माझं टेबल असे, टेबलावर पत्र्याचा डबा, आणि डब्यात शिशाच्या गोळ्या नि सीलची पक्कड.

हे काम आता कुणाला माहीत नसेल, म्हणून सांगतो. ट्रकच्या डिझेल पंपाला मागच्या बाजूला गव्हर्नर असतो. इंजिन जास्तीत जास्त किती पळेल ते त्याच्या एका स्क्रूवर ठरतं. तो स्क्रू हवा तसा लावला की त्याच्या भोकातून बारीक तार ओवायची, तिला दोन पीळ द्यायचे, टोकं शिशाच्या गोळीत घालायची आणि पक्कडीनं गोळी दाबायची. पक्कडीत मालकाचं चिन्ह कोरलेलं असे, ते गोळीवर उमटे. मग सील तोडल्याशिवाय स्क्रूला हात लावता येत नसे. डिझेल आणि टायर वाचावेत म्हणून आमच्या शेठनी सगळे ट्रक साठला बांधले होते. पक्कड फक्त माझ्याकडे असे.

याचा एक परिणाम होई. आमचे ड्रायव्हर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनच गाडी चालवत. पाय वरखाली करायची गरजच नसे. तळाला पाय म्हणजे साठ, ना एक जास्त, ना एक कमी. स्पीडमीटर बहुतेक गाड्यांचे बंद असत. त्यांचा स्पीडमीटर म्हणजे माझं सील.

सरळ रस्ता

मूलहून सावली गावाकडे निघालं की गाव संपल्यावर सरळ रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, तेव्हाही आणि आताही. आता रस्ता रुंद झालाय, दगडांचं डोकं पिवळं झालंय. सरळ भागाच्या शेवटी एक मोठा तलाव आहे आणि त्याच्या पाळीवरून रस्ता डावीकडे वळतो.

शुभदानं पहिल्या दगडापाशी गाडी थांबवली. रस्ता रिकामा होता. तिनं बाह्या वर केल्या. "घड्याळ धरा बाबा. तुमचे बेचाळीस सेकंद मोडायचे आहेत."

"इंजिन बंद कर," मी म्हटलं.

आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, मी तिला उरलेली गोष्ट सांगितली.

त्या दिवशी पंच्याऐंशीनं गाडी पळवून मी संध्याकाळी यार्डात परत आलो. तलावाच्या वळणावर अर्थात मी ब्रेक मारला होता, कारण स्क्रू सोडलाय हे मला माहीत होतं. परत आल्यावर स्क्रू पूर्वीसारखा लावून सील करायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम. पण मी इतका खुशीत होतो की भोकातून तार नुसती अडकवून ठेवली, लांबून सील दिसावं म्हणून, आणि म्हटलं, सकाळी गाड्या सुटायच्या आत करतो. सकाळी मला जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि गाडी गेली होती.

गाडी नेली होती सोमा मडावीनं. गडचिरोलीपलीकडच्या मुलचेरा भागातल्या एका गावचा, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठा. यार्डातला सगळ्यात सांभाळून चालवणारा ड्रायव्हर. थंडीचे दिवस होते, तलावावरून धुकं रस्त्यावर आलं होतं. गाडी नवी, तिचा आवाज ओळखीचा झाला नव्हता; सोमानं नेहमीसारखा पाय तळाला लावला. साठच्या वेगानं ते वळण ब्रेकला पाय न लावता निघतं, आमच्या सगळ्या ड्रायव्हरांना ते सवयीचं होतं. त्या दिवशी गाडी साठवर नव्हती. ती पाळीवरून खाली गेली आणि तलावाच्या कडेला उलटली. सोमाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आठवडाभरानं शेठनी यार्डात सगळ्यांना जमवलं. उलटलेल्या गाडीच्या पंपावर तार लोंबत होती, शिसं नव्हतं. सोमा हाताला पट्टी बांधून उभा होता. शेठनी मला विचारलं, "मिस्त्री, सील केलं होतं?"

मी म्हणालो, "हो. सील केलं होतं."

मग सील सोमानं तोडलं, हे आपोआपच ठरलं. त्याला काढून टाकलं. लाकडाच्या धंद्यातल्या लोकांत बातमी पसरली आणि त्याला परत कुणी ट्रक दिला नाही. वर्षभरात मी नाशिकला गेलो, दुकान टाकलं, ते चाललं. आणि बेचाळीस सेकंदांची गोष्ट मी सांगत राहिलो.

शुभदा समोर बघत म्हणाली, "दर दिवाळीला सांगायचात बाबा. फराळाला बसलो की. दर दिवाळीला."

मी हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

"तो सोमा आहे का अजून?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. गावाचं नाव माहीत आहे."

तिनं गाडी सुरू केली. गडचिरोली येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मी काट्याकडे पाहिलं. पन्नास, पंचावन्न. मागून येणारी एसटी हॉर्न देऊन आम्हाला ओलांडून गेली.

मुलचेरा

गडचिरोलीत रात्री भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि सुक्या झिंग्यांची चटणी मिळाली. माझ्या ओळखीची चव होती. सकाळी चामोर्शी, मग घोट गाव आणि पुढे जंगल. घोटच्या पुढे झाडी अशी दाटते की दिवसा दिवे लावावेत. मुलचेऱ्याच्या आसपास एकदम देश बदलतो. पाट्यांवर बंगाली अक्षरं, दारापुढे केळी, तळ्यात मासे. फाळणीनंतर आलेल्या बंगाली कुटुंबांची ही गावं. मी इथे होतो तेव्हा ती माणसं नुकती स्थिरावत होती. आता त्यांच्या मिठाईच्या दुकानात गोंड, तेलुगू, मराठी सगळे सकाळी नऊ वाजता रसगुल्ले खातात. आम्हीही खाल्ले.

दुकानदाराला मी गावाचं नाव सांगून सोमा मडावीबद्दल विचारलं.

"कोणता सोमा? उस गाव में चार सोमा आहेत, दादा."

"ड्रायव्हर होता. पूर्वी. हाताची दोन बोटं नाहीत."

"अच्छा, सीलतोड्या सोमा! असं बोला ना. हाय, हाय, बुढा हाय अजून."

शुभदानं माझ्याकडे पाहिलं. मी पेल्यातलं पाणी प्यायलो. दुकानदार हे नाव काहीही मनात न आणता म्हणाला होता, पत्ता सांगावा तसं. त्या माणसाला त्या नावाची गोष्टही माहीत नसावी.

गावाच्या अलीकडे एक कोरडा नाला होता. वाळूत दोन चाकोऱ्या. शुभदानं गाडी घातली आणि बरोबर मध्यावर गाडीचं पोट वाळूवर टेकलं. अडीचशेला बांधलेली गाडी तसूभर हलेना. चाकं वाळू उडवत राहिली. अर्ध्या तासानं एक ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधला आणि म्हणाला, "बाई, ह्या गाडीले इथी नाई आनाचं. हे नुसती पाहाची गाडी हाय." त्यानं आम्हाला बैलाच्या चालीनं गावात ओढत नेलं. मागे मोहाच्या टोपल्या घेतलेल्या बायका हसत चालत होत्या. मिरवणूकच निघाली. ज्याच्याकडे मी मान खाली घालून जायला निघालो होतो, त्याच्या दारात मी असा पोहोचलो.

अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. बाजेवर एक उंच म्हातारा बसला होता. सुनेनं पाय धुवायला पाणी आणून दिलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'या, बसा' म्हणतात, इथे आधी पाणी आणि मग बोलणं. मी पाय धुतले. म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं.

"जोहार," तो म्हणाला. मग थांबून, "मिस्त्री?"

"होय."

"तू त लयच बुढा झाला गा."

"तूही झालास, सोमा."

"मी त आधीच बुढा होतो. हे तुही पोरगी?" त्यानं शुभदाला बाजेवर जागा करून दिली. "बस बाई. ते तुही गाडी टॅक्टरनं ओढून आनली, पाह्यलो मी. मिस्त्रीची गाडी अन् ओढून आनाव लागते!" आणि तो मोठ्यानं हसला. डाव्या हाताची उरलेली बोटं गुडघ्यावर होती.

मी त्याला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, सुनेसमोर, शुभदासमोर. स्क्रू मी सोडला होता, तार मीच अडकवली होती, शेठला मी खोटं सांगितलं. पन्नास वर्षं मनात रचलेली वाक्यं दोन मिनिटांत संपली.

सोमानं मोहाच्या फुलांवर बसलेली कोंबडी हाकलली.

"मले माईत हाय," तो म्हणाला.

"काय?"

"तुही तार मले माईत नाई का? तू दोन पेळ देत होता. गाडी उलटली तवा मी खालतं पडून राह्यलो होतो, पंप माह्या डोळ्याम्होरं होता. तार सरळ लोंबत होती. पेळ नाई, काई नाई. शेठले सांगतलं मी. शेठ म्हने, मिस्त्री म्हनते सील केलं. मंग मी तुह्याकडं पाह्यलो. तू पक्कड पुसून राह्यला होता. फडक्यानं. लय पुसून राह्यला होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता असं मला लिहिता आलं असतं. राग होता. इतका जुना, की आता तो वाळलेल्या लाकडासारखा हलका झाला होता, पण होता.

"सोमा, मी..."

"मले काऊन सांगतं?" तो म्हणाला. "मले त तवापासून माईत हाय. गावाले माईत नाई. गावाले सांग."

चिंचेखाली

दुपारी मोह वेचून बाया-माणसं घरी आली, जेवली, आणि ऊन कलल्यावर चिंचेखाली जमली. त्या भागात गावचं काही असेल तर सगळ्या गावासमोर बोलायचं असतं, चार जणांत मिटवून टाकत नाहीत. साठ-सत्तर माणसं असतील, बायका तितक्याच. सुपारी-तंबाखूचा खर्रा एका हातातून दुसऱ्या हातात जात होता. नाशिकला सोसायटीच्या बैठकीला दहा जण येतात आणि सगळे एकदम बोलतात. इथे कुणी मध्ये बोलत नव्हतं.

गावपाटील चाळिशीचा, दंडावर टी-शर्ट ताणलेला माणूस. त्यानं मला उभं केलं आणि लांबण लावू दिली नाही.

"मिस्त्री, तुमी एकच सांगा. त्या दिवशी सील केलं होतं?"

शब्द शेठचेच होते. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी सोमाकडे पाहिलं. तो माझ्या हातांकडे पाहत होता.

"नाही," मी म्हणालो. "सील मी केलं नव्हतं. सोमानं काही तोडलं नाही. तोडायला सील नव्हतंच."

पाटलानं ते गोंडीत परत सांगितलं, मागच्या बायकांसाठी. एक कुजबुज उठली आणि बसली. मग जानकाबाई नावाची एक म्हातारी, बहुधा सोमाच्याच वयाची, म्हणाली, "मंग आता याले काय म्हनाचं बाप्पा? चार सोमा हायत गावात."

लोक हसले. पाटील म्हणाला, "ड्रायवर सोमा म्हना."

"ड्रायवर? यानं त जनमभर बैलच हाकलले."

हसू थांबलं. जानकाबाईच्याही लक्षात आलं असावं, तिनं पदर तोंडाला लावला.

"म्हना ड्रायवर," सोमा म्हणाला. "होतो मी."

मग तो माझ्याकडे वळला. "माफ केलं असं काई मी म्हनून नाई राह्यलो, मिस्त्री. ते तू समजू नको. जे खोटं होतं ते खरं झालं, तेवढंच. अन् तुले लिहता येते ना?"

"येतं."

"मंग लिहून ठेव. हे सारे बुढे मरून जातीन. मागच्याइले कोन सांगन?"

म्हणून हे लिहिलंय.

परत

रात्री गावातच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, तर सोमा धुतलेलं धोतर नेसून गाडीजवळ उभा. त्याची लेक मूलला दिलेली आहे. "मले तिथी सोडा," तो म्हणाला. या वेळी शुभदानं नाल्याला वळसा घातला. सोमा पुढे बसला आणि मी मागे. चामोर्शीला चहा घेतला, वैनगंगेच्या पुलावर सोमानं काच खाली करून नदीला हात जोडले. तो गाडीतल्या एकेका बटणाबद्दल विचारत होता आणि शुभदा सांगत होती. ती त्याला काका म्हणत होती. कालपासून ती माझ्याशीही बोलायला लागली होती, थोडंथोडं.

सावली मागे पडलं तेव्हा सोमा बटणं सोडून समोर बघू लागला. तलावाची पाळ दिसत होती. या बाजूनं आलं की आधी वळण लागतं, मग सरळ रस्ता.

"बाई," तो म्हणाला, "पल्लाड जाऊन फिरव. तिकडून ये. मी तिकडून येत होतो."

शुभदा सरळ रस्त्यानं मूलच्या वेशीपर्यंत गेली आणि तिथे गाडी वळवली. समोर रिकामा रस्ता, दूर तलावाचं पाणी चमकत होतं.

"काका, ही गाडीसुद्धा बांधता येते," ती म्हणाली. "पाहिजे तेवढ्याला. इथे बटण आहे."

"साठले बांध."

तिनं बोट बटणावर ठेवलं. मग काढलं आणि मागे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही या."

मी उतरलो, तिच्या दाराशी गेलो, खिडकीतून हात आत घातला. तिनं दाखवलं तसं बटण दाबत गेलो. तीस, चाळीस, पन्नास. पडद्यावर साठ आलं तिथे थांबलो. पुन्हा एकदा पाहिलं. साठच होतं. मग जाऊन मागे बसलो.

"सील पक्कं हाय ना, मिस्त्री?" सोमानं मागे न बघता विचारलं.

"पक्कं आहे."

गाडी निघाली. काटा साठवर गेला आणि तिथेच राहिला. धानाची बांधी, पिवळ्या डोक्याचे दगड, एक, मग दुसरा. मी घड्याळ पाहिलं नाही. मी दोन सीटांच्या मधून खाली पाहत होतो. सोमाच्या बाजूला ॲक्सिलरेटर नव्हता, नुसती चटई होती. त्या चटईवर त्याचा उजवा पाय तळापर्यंत दाबलेला होता. वळण आलं. त्यानं पाय उचलला नाही.